सतरा हजारांची भिंत

लातूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना एक तर 'लातूर पॅटर्न' आठवतो, नाही तर २०१६ची पाण्याची रेल्वे. आम्हा नांदेडकरांना आठवते ती गंजगोलाई. १९१७ साली बांधलेली गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा एका रस्त्याला, कापड दुसऱ्याला, चपला तिसऱ्याला. मॉलचा फंडा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होता म्हणा ना!

पण या वीकेंडला गोलाईत फक्त चहा घेतला आणि गाडी औशाच्या रस्त्याला लावली. औसा मागे टाकून किल्लारीकडे निघालं की वाटेत माझं आजोळ लागतं. तिथे एक भिंत बघायची होती.

मामांचा वाडा टिपिकल माळवदी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सागवानी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. गळायला लागलं की आणखी माती टाकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत मस्त गारवा. वाडा मामांचा, पण ओसरी गावाची. एकादशीचं भजन तिथेच, श्रावणातली पोथी तिथेच, भांडणाचा निवाडासुद्धा तिथेच व्हायचा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं कोसळली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. माणसं मारली ती याच भिंतींनी आणि याच मातीने. भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण खरं तर त्या दोन भिंती असतात. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि खडी. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडतात. कित्येक घरांत लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भिंती तेवढ्या आडव्या झाल्या.

किल्लारीसारखी जी गावं संपूनच गेली, ती दुसरीकडे नव्याने वसवली. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आमचं गाव पडलं नाही, फुटलं. अशा फुटलेल्या घरांसाठी जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला. तेरा जिल्हे, जवळपास दोन लाख घरं! मामांच्या वाट्याला सतरा हजार रुपये आले, तेही हप्त्याहप्त्याने. काम दाखवा, पुढचा हप्ता घ्या.

आता त्या पैशांत काय करायचं होतं ते ऐका, कारण आयडिया जाम साधी होती. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर एकेक दगड काढायचा, आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. सुटे थर टाचून टाकायचे, गोधडीला टाके घालतात तसे. वरून भिंतीला चहूकडून लोखंडी जाळीचा पट्टा बांधून सिमेंट मारायचं. आणि माळवदावरची माती कमी करायची. बस.

केलं किती जणांनी? आमच्या गल्लीत मामींनी. बाकीच्यांनी त्याच पैशांत शेजारी विटांची खोली काढली, वर पत्रे टाकले आणि दगडी घरात पाऊल ठेवलं नाही. असं गावोगाव झालं. मला त्यांना नावं ठेववत नाहीत. ज्याने भावाला दगडाखालून काढलं, त्याला सळईचा हिशोब कोण आणि कसा सांगणार?

मामी सांगू शकल्या, कारण त्या संवाद सहायक होत्या. महिला मंडळातल्या बायकांना या कार्यक्रमात हे काम दिलं होतं. घरोघरी जायचं, पैसे कसे मिळतात आणि भिंत कशी बांधायची ते समजावायचं. गवंडी 'बाईला काय कळतंय' म्हणायचा आणि मामी त्याला भोकं मोजायला लावायच्या. मला विचाराल तर अख्ख्या कार्यक्रमातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच.

मी भिंतीवर हात फिरवत होतो. टाके अजून दिसतात, चुन्याखाली सिमेंटचे करडे ठिपके.

"काय बघलालास बाबा भिंतीत?" मामी मागून म्हणाल्या.

"मामी, हे पुन्हा कुणी तपासलं का हो?"

"कोण येतंय? पैसे संपले, कार्यक्रम संपला."

प्रश्न इथेच आहे. तीस वर्षांनी एका कोपऱ्यात पुन्हा भेग आली आहे. तुळईचं एक टोक वाळवीने खाल्लंय. हैदराबादच्या दादाचं म्हणणं, पाडून टाकू, आरसीसी बांधू, एसी लावू. त्याचं चुकीचं नाही. त्या पहाटे तो नऊ वर्षांचा होता. पण गावात आता इतकी मोठी माळवदी ओसरी दुसरी उरलेली नाही आणि भजनी मंडळ अजून इथेच बसतं. नवीन समाजमंदिराला सरकारी निधी आला, वर पत्रे आहेत, दुपारी तिथे कुणी टिकत नाही. खाजगी वाड्याच्या डागडुजीला असा निधी मागायचा तरी कुठल्या नावाने?

लातूरचा माझा एक इंजिनिअर मित्र दिवाळीनंतर भिंत बघायला येणार आहे. त्याच्या अंदाजाने तुळई बदलून, कोपरा शिवून होणारा खर्च नव्या स्लॅबच्या पाव हिश्शातही बसेल. आम्हा चौघा भावंडांनी वाटून घ्यायचा असं फोनवर ठरवलंय. तिघांचा होकार आला आहे. दादा म्हणाला, आधी इंजिनिअर काय म्हणतो ते ऐकू.