चौदा दिवसांचे वेळापत्रक

प्रवासाचे दोन प्रकार आहेत. एक हुकमाचा व दुसरा हौसेचा. पहिल्या प्रकारात आमच्यासारख्या सरकारी चाकरांचे उभे आयुष्य जाते. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात, आणि ज्या गावाचे नाव काल केवळ नकाशावर होते तेथले दूधवाले व धोबी पुढल्या महिन्यात आपले आप्त होऊन बसतात. त्या गावाची निवड आपण केलेली नसते. दौऱ्याचेही तेच. विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून जेवढे गाव दिसते तेवढेच आपल्या वाट्याचे. हौसेचा प्रवास मात्र ज्याचा त्याने योजावा लागतो, आणि जन्मभर दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवरून चालत आलेल्या माणसापुढे कोरा कागद आला म्हणजे तो जरा बिचकतो.

आम्ही सध्या अशाच एका कोऱ्या कागदापुढे बसलो आहो. जपानचे प्रवेशपत्र मागायचे तर अर्जासोबत मुक्कामाचे वेळापत्रक जोडावे लागते: कोणत्या तारखेस कोठे असणार, काय पाहणार, कोठे उतरणार. दौऱ्याचे कार्यक्रम आजवर आम्ही शेकड्यांनी लिहिले. पण तेथे 'काय पाहणार' हा रकाना नसे.

जपानच का, असे स्नेही विचारतात. त्याचे मूळ आमच्या वाराणसीच्या नेमणुकीत आहे. तेथे असताना सारनाथला वरचेवर जाणे होई. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर बुद्धचरित्र चितारलेले आहे, आणि ते चितारणारा मनुष्य जपानी होता. कोसेत्सु नोसु हे त्याचे नाव. १९३२ ते १९३६ या काळात काशीच्या उन्हाळ्यात त्याने त्या भिंती रंगविल्या. आमच्या सौभाग्यवती एकदा त्या चित्रांपुढे बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, हा मनुष्य एवढ्या लांब येऊन आपल्याकडले काम करून गेला. त्याचा देश एकदा पाहून यायला हवा." भेटीची परतफेड भेटीने करावी हा त्यांचा जुना नेम. मुले मार्गी लागली, गुडघे अजून ऐकतात, आणि सेवेची वर्षे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेव्हा परतफेडीची वेळ आली असे ठरले.

पहिला प्रश्न ऋतूचा. जपानला जायचे ते चेरीचा बहर पाहायला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण हा साकुरा तोक्यो-क्योतोच्या बाजूस फुलतो तो नेमका मार्चअखेरीस; आणि मार्चअखेरीस रजा मागणारा अधिकारी आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा हे तेथल्या सुट्ट्यांचे दिवस. सारा देशच तेव्हा आगगाडीत असतो. जून-जुलैत त्यांचा पावसाळा. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा, सप्टेंबरात वादळे. अशा रीतीने पंचांग शोधता शोधता दिवाळीनंतरचा नोव्हेंबर उरला. तेव्हा क्योतोच्या टेकड्यांवर मेपलची पाने लाल होतात. फुलांऐवजी पाने! "आपल्या वयाला पिकली पानेच शोभतात," असे म्हणून सौभाग्यवतींनी तो विषय संपविला.

दुसरा प्रश्न पैशांचा. रजा-प्रवास सवलत देशाच्या सीमेपाशी थांबते. पुढला खर्च आपला आपण. पूर्वी जपानला जाणारे डोळे मिटून रेल्वेचा सात दिवसांचा पास घेत. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला, तेव्हापासून हिशेब करणे भाग झाले आहे. तोक्योला उतरावे आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतावे, म्हणजे आल्या वाटेने माघारी जावे लागत नाही. तोक्यो-क्योतो, क्योतो-हिरोशिमा आणि हिरोशिमा-ओसाका अशी तीन सुटी तिकिटे चाळीस हजार येनांच्या आत बसतात. पास महाग पडतो. या मार्गावर धावणारी शिन्कान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी, तोक्योच्या ऑलिम्पिकच्या अवघे नऊ दिवस आधी सुरू झाली. तोक्यो ते ओसाका हे तिचे अंतर ५१५ किलोमीटर. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी आपण तिचेच तंत्र पत्करले. मूळ गाडी मूळ गावी पाहावी, एवढे कुतूहल आमच्या खात्याबाहेरचे असले तरी रास्त आहे.

आता गावे. तोक्योला चार रात्री. आमच्या यादीत तेथील पहिले नाव आहे आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळाचे. येथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक. त्याची मूर्ती झाकलेली असते, भक्तांना दाखवीत नाहीत. आणि त्याला नैवेद्य असतो मुळ्याचा! पांढरा, जाडजूड, जपानी दाइकोन. मोदकावर पोसलेल्या मराठी मनाला हे ऐकून प्रथम हसू येते. परंतु आपल्याकडील जुन्या गणेशमूर्तींच्या हाती जो मूलक असतो, तोही मुळाच. आपण तो विसरलो, त्यांनी सांभाळला. त्याच शहरात, उएनोच्या तळ्यामधल्या देवळात बेन्तेन आहे, ती आपली सरस्वती. देव चीनच्या वाटेने एवढ्या दूर बदलून गेले, नावे पालटली, नैवेद्य पालटले, आणि तेथलेच होऊन राहिले. बदलीच्या गावी जन्म काढणाऱ्या वाचकांना या देवांविषयी थोडी अधिक आपुलकी वाटेल, अशी आमची खात्री आहे.

क्योतोला पाच रात्री. इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंत, हजारावर वर्षे, ही राजधानी. तेथे सान्जुसान्गेन्दो नावाच्या लांबट देवालयात कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती रांगेने उभ्या आहेत. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला तोच. रियोआन्जीच्या अंगणात वाळूवर पंधरा दगड मांडले आहेत, आणि ओसरीवर कोठेही बसले तरी एकदम पंधराही दिसत नाहीत. आमच्या यादीतून निक्को, कानाझावा व इसे ही नावे एकेक करून खोडली गेली तेव्हा त्या दगडांची आठवण झाली. इसेचे मात्र थोडे वाईट वाटले. दर वीस वर्षांनी ते देवालय शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मागचे २०१३ साली झाले, पुढले २०३३ साली.

क्योतोहून एक दिवस नाराचा. तोदाइजीतल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन इ. स. ७५२ मध्ये झाले, ते ज्याच्या हस्ते झाले तो बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू होता. पण आम्हांला ओढ आहे ती त्याहून पुढे असलेल्या होर्यूजीची. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती तेथे उभ्या आहेत. तेथल्या मुख्य मंदिरात सातव्या-आठव्या शतकांच्या संधीवरची भित्तिचित्रे होती, आणि जाणते लोक त्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी करीत. 'होती' म्हणण्याचे कारण असे, की २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिरास आग लागून ती करपली. त्या वेळी चित्रकार त्यांच्या प्रती उतरून घेत होते. दुसऱ्याच वर्षी त्या देशाने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे जुन्या वास्तूंना आगीपासून वाचविण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. आपण ज्या दिवशी संचलन पाहतो त्या दिवशी ते लोक देवळांवर पाण्याचे फवारे उडवून पाहतात. उलट, अराई काम्पो या जपानी चित्रकाराने अजिंठ्यास राहून ज्या प्रती उतरल्या होत्या त्या तोक्योत ठेवलेल्या असता १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. तेथले येथे येऊन चितारतात, येथले तेथे जाऊन जळते. तरी उतरून घेणे थांबत नाही. होर्यूजीच्या भिंतीवर आज प्रतिकृती आहेत. आम्ही त्यांनाच नमस्कार करणार.

येथवर सौभाग्यवतींचे व आमचे एकमत होते. पेच पडला तो हिरोशिमापाशी.

हिरोशिमा यादीत असावे असा आग्रह आमचा. आमच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. १९४५ साली अमेरिकेचे युद्धमंत्री असलेले हेन्री स्टिम्सन यांनी अणुबाँबच्या लक्ष्यांतून क्योतोचे नाव आग्रहाने काढावयास लावले. त्यांची कारणे राजकीयही होती. पण १९२६ साली या गृहस्थांनी क्योतो स्वतः पाहिलेले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. पाहिलेले गाव खोडून टाकणे जड जाते. हिरोशिमाला असा कोणी पाहुणा पूर्वी गेला नव्हता. निदान आपण जावे, असे आम्हांस वाटले.

सौभाग्यवती गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सहलीच्या कागदावर ते नाव बरे दिसत नाही. सकाळी तेथे जायचे, डोळे पुसायचे, आणि दुपारी नावेत बसून मियाजिमाचे समुद्रातले तोरण पाहायचे? सगळे पर्यटक तसेच करतात म्हणे."

दोन दिवस तो कागद तसाच पडून राहिला. त्यांचे बोलणे आम्हांस खोडता येईना. त्या संग्रहालयात शाळकरी पोराचा एक जेवणाचा डबा ठेवला आहे. ६ ऑगस्टच्या सकाळी घरून दिलेले अन्न त्यात कोळसा होऊन बसले आहे. ज्या देशात आया रोज सकाळी डबे भरतात त्या देशातल्या माणसाने तो डबा 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून पाहावा काय?

तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन बोलल्या. त्यांचे थोरले बंधू गेले तेव्हा आम्ही गुवाहाटीस होतो. विमान, मग आगगाडी, मग एस्टी, असे करीत गावी पोहोचलो तो सारे आटोपले होते. दूर नेमणूक असलेल्या कोणत्या घरात असे घडलेले नाही? "आपण उशिरा पोहोचलो," त्या म्हणाल्या, "तरी वहिनींनी दारातच हात धरला. समाचाराला उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवीत नाही. हिरोशिमाला जाऊ. पण पाहायला नको, समाचाराला जाऊ."

एकदा हा शब्द सापडल्यावर वेळापत्रक आपोआप जुळत गेले. समाचाराला गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही, तेथून दुसऱ्या कोणाकडे पाहुणा जात नाही. सरळ घरी येतो. तेव्हा मियाजिमाचे तोरण यादीतून गेले. हिरोशिमात दोन रात्री: पहिल्या दिवशी दुपारी स्मारक व संग्रहालय, आणि दुसऱ्या दिवशी काहीही नाही. नदीकाठी बसावे, खोलीत पडून राहावे, जे वाटेल ते.

आणि त्यानंतर कोयासान. सुमारे आठशे मीटर उंचीवरचे हे मठांचे गाव. कूकाई नावाच्या आचार्याने इ. स. ८१६ मध्ये ते मिळविले. इ. स. ८३५ मध्ये तो निवर्तला असे त्याचे भक्त मानीत नाहीत. तो समाधीत बसला आहे, आणि रोज दोन वेळा त्याच्यापुढे अन्न नेऊन ठेवले जाते. आळंदीच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या समाधीकडे जाणारी वाट दोन लाखांहून अधिक थडग्यांमधून, उंच देवदारांखालून जाते, आणि थडग्यांच्या दगडांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरे कोरलेली आहेत. आपल्या नागरीची ती दूरची बहीण. तेथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही उभा आहे. जेवणाची चिंता मिटते ती येथेच. इतरत्र साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. मठांतले जेवण मात्र शुद्ध शाकाहारी. हिरोशिमाहून निघून दोन रात्री अशा गावी काढाव्या, जेथे मेलेल्यांना कोणी परके मानीत नाही, हा क्रम सौभाग्यवतींनी लावला आहे. चार, पाच, दोन व दोन: रात्री तेरा, दिवस चौदा. चौदाव्या दिवशी डोंगर उतरून विमानतळ.

काल रात्री वेळापत्रकाची स्वच्छ प्रत काढली. अकराव्या दिवसापाशी आलो तेव्हा लेखणी अडली. 'काय पाहणार' या रकान्यात रिकामी जागा ठेवली तर अर्ज अपुरा ठरेल काय, अशी आमच्या कारकुनी मनास शंका आली. "हिरोशिमा, मुक्काम, एवढे लिहा," सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मुक्काम हेही कामच आहे." आम्ही तसे लिहिले. उद्या रजेचा व परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज वर जाईल.