टॉवर दूर, बॅटरी चूर!

घणसोली ते उरण... एका चार्जमध्ये नवी मुंबई!

मोबाइल नेटवर्कची तीर्थयात्रा करायची ठरवलीत मंडळी, तर घणसोलीला उतरा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, ऐरोली, रबाळे आणि मग घणसोली. इथे ना देऊळ, ना पेढ्यांचं दुकान. आहे तो ठाणे-बेलापूर रस्ता, त्यावरून धडधडत जाणारे ट्रेलर आणि रस्त्याकडेला संपता न संपणारं कुंपण. पलीकडे हिरवळ आणि चकचकीत इमारती. गळ्यात ओळखपत्र नसेल तर दर्शन बाहेरूनच!

पण माहात्म्य मोठं आहे. याच कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यातल्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची मोबाइल सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी ‘मान्सून हंगामा’ आला, ५०१ रुपये भरा आणि हॅंडसेट घेऊन जा! त्या कंपनीची कॉलिंग सेवा २०१७ च्या अखेरीस थांबली. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये जिओचं ४जी कर्मचाऱ्यांच्या हातात पडलं होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला ते सगळ्या देशाच्या हातात आलं. आज लोकलमध्ये शेजारचा माणूस मोठ्या आवाजात रील बघत असेल, तर त्याचं थोडं श्रेय या स्टेशनाला द्यायला हरकत नाही.

मी या वारीला निघालो ते एक साधा प्रश्न खिशात घालून. नेटवर्क सुसाट होतंय, फोनची बॅटरी जाडजूड होतेय, मग संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाची नजर चार्जिंग पॉइंटवरच का? सिडकोची स्थापना १९७० सालची. तिने आखलेल्या या शहरात गर्दीची स्टेशनं, काचेची ऑफिसं, खाडी आणि मोकळा माळ, सगळं एका दिवसात पालथं घालता येतं. नेटवर्कची परीक्षा घ्यायला याहून भारी मैदान कुठलं?

दुखणं जुनंच

आधी थोडा फ्लॅशबॅक. २००३ सालचा नोकिया ११०० आठवतो? त्याची बॅटरी ८५० एमएएचची. आजच्या फोनमध्ये ५००० एमएएच सर्रास असते, म्हणजे जवळजवळ सहापट. तरीही तो ठोकळा न बोलता ठेवला तर दिवसच्या दिवस चालायचा आणि आपला स्मार्टफोन रात्रीचं जेवण होईपर्यंत धाप टाकतो. स्क्रीन हा मोठा खादाड आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण दुसरा खादाड दिसत नाही. तो म्हणजे आतला रेडिओ, टॉवरशी सतत बोलणारा.

खुद्द ॲपलनेही याच्यापुढे एकदा हात टेकले होते. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो ३जी नसलेला. ३जीच्या चिप फार बॅटरी खातात, असं कारण स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा दिलं होतं. वर्षभराने आयफोन ३जी आला, तेव्हा कंपनीनेच आकडे जाहीर केले. २जीवर बोललात तर १० तास, ३जीवर बोललात तर ५ तास! स्पीड वाढला आणि बोलणं थेट निम्म्यावर. फंडा क्लिअर आहे, नवा ‘जी’ येतो तेव्हा त्याच्या चिप आणि टॉवर दोन्ही कच्चे असतात. पुढे चिप सुधारतात, टॉवर वाढतात, तक्रार कमी होते. आणि तेवढ्यात पुढचा ‘जी’ दारात उभा!

बॅटरीची चाल मात्र वेगळी. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि आजही आपल्या खिशात त्याच घराण्याची बॅटरी आहे. नेटवर्क उड्या मारतं, बॅटरी मुंगीच्या पावलांनी जाते. सगळं भांडण इथंच आहे.

काच कूल, रेंज गुल

घणसोलीहून रिक्षा केली आणि महापे गाठलं. मिलेनियम बिझनेस पार्कबाहेर दुपारी एक वाजता जी गर्दी असते ना, ती बघायलाच हवी. वडापाव, डोसा, भुर्जी, आणि प्रत्येक गाडीवर क्यूआर कोड. सुट्ट्या पैशांची कटकट कधीच संपली. बाहेर रस्त्यावर फोनला फुल्ल रेंज. मग एका मित्राच्या ऑफिसात वर गेलो. मधोमध असलेल्या मीटिंग रूममध्ये आलो आणि रेंजची एकच दांडी उरली!

‘‘अरे, इथे फोन नुसता टेबलावर ठेवला तरी उतरतो,’’ मित्र म्हणाला. त्याच्या प्रत्येक सहकाऱ्याच्या डेस्कवर एक चार्जर कायमचा लावलेला. बिचाऱ्यांना वाटतं, फोन जुना झाला.

खरी गंमत इमारतीत आहे. ऊन आत येऊ नये म्हणून अशा इमारतींच्या काचांवर बऱ्याचदा धातूचा पातळ मुलामा असतो. तो उन्हाबरोबर रेडिओ लहरीही अडवतो. त्यात काँक्रीट, त्यात लोखंडी सळ्या. जुनं २जी ९०० मेगाहर्ट्झवर चालायचं. भारतात ५जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी तिला भिंत जड जाते. म्हणजे जो सुपरफास्ट सिग्नल रस्त्यावर छाती काढून चालतो, तोच मीटिंग रूममध्ये येईपर्यंत गळपटतो. मग फोन कधी ५जी शोधतो, कधी ४जीवर उतरतो, पुन्हा चढतो. ही चढउतार बॅटरीच्या पैशाने चालते.

याच महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. आपले फोटो, बँकेचे हिशेब, सिनेमे ठेवणारी. त्यांची वीज क्षणभरही जाऊ नये म्हणून आत बॅटऱ्यांच्या खोल्या आणि बाहेर डिझेल जनरेटर. आपल्या फोटोला दोन-दोन बॅकअप, आणि फोटो काढणाऱ्याकडे एक पॉवर बँक. तीही घरी राहिलेली!

एपीएमसीतला घसा

कोपरखैरण्याहून पुन्हा लोकल. गाडी तुर्भ्याला थांबली आणि मला एकदम उदाहरण सापडलं. इथून जवळच एपीएमसीचं कांदा-बटाटा मार्केट. समजा, व्यापारी आणि हमाल शेजारी उभे आहेत. हळू आवाजात काम होतं. हमाल गाळ्यांच्या दुसऱ्या टोकाला असेल तर? बोंबलावं लागतं! दिवसभर असं बोंबललं की संध्याकाळी घसा बसतो.

फोनचं डिट्टो तसंच. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो. दूर असला, मध्ये भिंत आली, की फोन आवाज चढवतो. टॉवरला बिचाऱ्याला काय, त्याच्याकडे मीटरची वीज आहे. उत्तर द्यायला आपल्या फोनकडे फक्त मुठीत मावणारी बॅटरी. ४जीचा फोन बाहेर फेकतो ती ताकद साधारण ०.२ वॅटच्या वर जात नाही, पण तेवढी फेकायला आतली यंत्रणा बॅटरीतून कितीतरी पट जास्त वीज ओढते.

हा आकडा तुम्हालाही बघता येतो. अॅण्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत ‘सिग्नल स्ट्रेंथ’ असते, उणे चिन्हासकट. उणे ७० डीबीएम म्हणजे ऐश. उणे ११० म्हणजे हाल. फरक फक्त चाळिसाचा दिसतो ना? पण इथे दर दहाला सिग्नल दहापट क्षीण होतो. म्हणजे ७० ते ११० मध्ये तो दहा हजार पट दुबळा झाला! एक दांडी आणि चार दांड्या यातला फरक तीन दांड्यांचा नसतो मंडळी.

त्यात आपण लोकलमध्ये. लोखंडी डबा, गच्च गर्दी आणि मिनिटामिनिटाला मागचा टॉवर सोडून पुढचा पकडायचा. त्यात व्हिडिओ कॉल सुरू असेल तर बघायलाच नको.

शेअर रिक्षाचा नियम

नेरुळला उतरलो. गाडी बदलायची होती. स्टेशनबाहेर चहा घेताना शेअर रिक्षावाल्यांकडे बघत होतो. दोन सीट भरल्या, तिसरी यायची आहे, इंजिन चालूच. पाच सेकंद, दहा सेकंद... आला कुणी तर ठीक, नाही तर बंद करायचं.

फोनचा रेडिओही अगदी असाच वागतो. एक मेसेज आला, काम झालं, तरी तो लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून काही सेकंद जागाच राहतो. मग एक लाइक, मग एक ऑफर, मग ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’. प्रत्येक वेळी इंजिन सुरू! त्यामुळे एक अख्खा सिनेमा एकदम डाउनलोड करणं परवडतं, पण दिवसभर ठिबकणारी नोटिफिकेशन महागात पडतात.

आणि इथेच स्पीडची बाजूही घेतली पाहिजे. मोठं काम असेल, टॉवर जवळ असेल, तर ५जी ते झटक्यात उरकतं आणि रेडिओ लवकर झोपतो. म्हणजे वेग हा व्हिलन नाहीच. दुरून, भिंतीआडून, थेंबाथेंबाने मागितलेला वेग हा व्हिलन.

५जी कसं जोडलंय यावरही बरंच अवलंबून असतं. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, तेव्हा एअरटेलने ते ४जीच्या आधाराने चालवायचं ठरवलं, जिओने स्वतंत्र ५जी उभारलं. पहिल्या पद्धतीत फोनला एका हातात ४जी आणि दुसऱ्या हातात ५जी धरावं लागतं. नेटवर्क उभं करणं त्यात सोपं जातं, पण दोन दोऱ्या ओढायला फोनचा जीव लागतो.

मी लोकलमध्ये, फोन विमानात!

आता उरणची गाडी. ही लाइन टप्प्याटप्प्याने झाली. खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. सीवूड्सचा मॉल मागे पडला की खिडकीतलं शहर एकदम पातळ होतं. खाडी, खारफुटी, मध्येच बांधकामाच्या क्रेन. बामणडोंगरी, खारकोपर म्हणजे उलव्याचे टॉवर, अर्थात राहायचे! मोबाइलचे टॉवर त्या मानाने विरळ होत जातात.

समोर एक मुलगा बसला होता. गळ्यात ऐरोलीच्या कंपनीचा पट्टा, फोन खिशात. पूर्ण डब्यात फोन न बघणारा हा एकटाच! राहवलं नाही, विचारलं.

‘‘दादा, मी लोकलमध्ये असलो तरी फोन विमानात असतो,’’ तो हसत म्हणाला. ‘‘फ्लाइट मोड. सीवूड्स सोडलं की आईला फोन करतो, गाडीत बसलो म्हणून. मग फोन बंदच समजा. उतरल्यावर चालू.’’

‘‘एवढं कशाला?’’

‘‘सकाळी साडेसातला निघतो. घरी यायला नऊ. तिकीट यात, रिक्षाचे पैसे यात. एकदा गाडीतच बंद पडला. आई रात्री दहापर्यंत गॅलरीत उभी होती. फोन स्विच्ड ऑफ लागला की तिच्या डोक्यात नको ते येतं.’’

द्रोणागिरीला घर घेतलंय. ऐरोलीत परवडलं नसतं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. पण मला तो हिशेब चटका लावून गेला. शहराच्या टोकाला स्वस्त घर मिळतं, आणि टॉवरही तिथे सगळ्यात शेवटी दाटीने येतात, कारण गिऱ्हाईक आल्याशिवाय टॉवर येत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात लांब जायचंय, ज्याचा फोन सगळ्यात जास्त तास टिकायला हवा, त्याच्याच फोनला सगळ्यात मोठ्याने बोंबलावं लागतं. आणि मोबाइलवरचं तिकीट दाखवायच्या वेळी फोन बंद असेल तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट!

बाहेर अंधार पडत होता. याच परिसरात नवी मुंबई विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला. त्या विमानांतले फोनही फ्लाइट मोडवर आणि या मुलाचाही. फरक फक्त तिकिटाचा!

चार टिप्स, एकदम फुकट

एक, ऑफिसात रेंज नसेल आणि वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. फोनचं बोंबलणं थांबतं.

दोन, ५जी सारखं येत-जात असेल अशा पट्ट्यात सेटिंगमधून ४जी निवडा. मेसेज आणि यूपीआयला तेवढं भरपूर झालं. रेंजच नसेल तर सरळ फ्लाइट मोड.

तीन, गाणी, सिरीज, नकाशे सकाळी घरच्या वायफायवर उतरवून घ्या. ज्या ॲपच्या नोटिफिकेशनशिवाय अडत नाही ती ठेवा, बाकीच्यांना गप्प करा.

चार, फोन उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवून चार्ज करू नका. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते.

द्रोणागिरीला तो मुलगा उतरायला दारात गेला. फोन खिशातून काढून विमानातून जमिनीवर आणला आणि फलाटावर पाय ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘आई, पोचलो गं.’’ मी पुढे उरणला निघालो.

आता ६जीची बोलणी सुरू झाली आहेत. केंद्र सरकारने त्याचा आराखडा मार्च २०२३ मध्येच मांडलाय आणि नजर २०३० वर आहे. तेव्हाही जाहिरातीत स्पीडचे आकडे नाचतील, कुठला तरी सिनेमा डोळ्याचं पातं लवायच्या आत डाउनलोड होईल. होऊ दे की! आपण दुकानात फक्त एक प्रश्न विचारायचा. रात्री नऊच्या उरण लोकलमध्ये, एका दांडीवर, हा किती वेळ टिकतो? ‘जी’ कितवाही असू दे बॉस, ‘पोचलो’ म्हणायपुरते दोन टक्के उरलेच पाहिजेत.