प्रवक्त्याचे वाक्य

यानाचे नाव तुम्हांला ठाऊक असते, अंतराळवीरांचीही ठाऊक असतात; पण उड्डाणाच्या वेळी जो आवाज तुमच्या कानी पडतो तो कोणाचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. मला तो प्रश्न पडतो, कारण माझी नोकरीही आवाजाचीच होती. उपनगरातील एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत मी बावीस वर्षे बसले. आत काय चालले आहे ते बाहेर ताटकळणाऱ्यांना सांगायचे, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच सांगायचे.

जॅक किंग हा मूळचा बॉस्टनचा वार्ताहर. असोसिएटेड प्रेसने १९५८ मध्ये त्याला केप कॅनव्हेरलला धाडले आणि १९६० मध्ये तो नासाच्या नोकरीत शिरला. काल ज्यांना प्रश्न विचारले, त्यांच्याच वतीने आज उत्तरे द्यायची! १६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे उड्डाण झाले तेव्हा उलटगणती जगाने त्याच्याच आवाजात ऐकली. अंकामागून अंक शांतपणे उच्चारणाऱ्या या माणसाकडून ऐन क्षणी ‘इंजिने’ या शब्दाचे बहुवचन निसटले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ही चूक अवश्य ऐकावी. तेवढ्या एका गळलेल्या प्रत्ययात त्याचा सारा उत्साह आहे. पुढे १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेसाठी लोकांना काय नि केव्हा सांगायचे, याची बोलणी रशियनांशी करणाऱ्यांत तो होता. उड्डाण पार पडल्यावरच बातमी देण्याची ज्यांची रीत, त्यांच्याशी ही बोलणी! माझ्या मते ही कामगिरी उलटगणतीहून अवघड.

सगळ्यांच्या वाट्याला असे क्षण येत नाहीत. १२ एप्रिल १९६१ च्या पहाटे एका वार्ताहराने गागारीनच्या उड्डाणाविषयी विचारले, तेव्हा झोपमोड झालेला नासाचा प्रवक्ता शॉर्टी पॉवर्स ‘आम्ही इथे सगळे झोपलो आहोत’ अशा अर्थाचे काही बोलला, आणि त्याचेच मथळे झाले. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर ७३ व्या सेकंदाला फुटले. ह्यूस्टनमध्ये स्टीव्ह नेस्बिट पडद्यावरचे आकडे वाचीत होता. काही वेळ तो गप्प राहिला. मग ‘मोठा बिघाड झाला आहे हे उघड आहे’ एवढेच म्हणाला. सात माणसे गेली आणि हा ‘बिघाड’ म्हणतो, असे अनेकांना लागले. मला तसे वाटले नाही. यान फुटल्याचे संबंधित अधिकाऱ्याकडून कळताच तेही त्याने सांगितले. त्याच्या जागी बसलेल्या माणसाला हे दोन क्षण वेगळे ठेवावेच लागतात. नातेवाईक खिडकीशी येऊन माझ्या तोंडाकडे पाहत, तेव्हा मीही ते वेगळे ठेवीत असे.

आपल्याकडे पडत्या वेळी प्रमुखाने स्वतः बोलावे, अशी एक चांगली रीत दिसते. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले, तेव्हा पत्रकारांना सतीश धवन सामोरे गेले. पुढल्या वर्षी १८ जुलैला यश आले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले.

चांद्रयान-२ च्या वेळीही प्रमुखच बोलले. ती ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र, गणपतीचे दिवस. घाटकोपरला आमच्या इमारतीच्या मंडपात दूरदर्शन संच लावला होता. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका सर्वांत पुढे बसले होते. इस्रोच्या अग्निबाणांची इंजिने त्या कारखान्यात घडतात, त्यामुळे त्यांच्या लेखी हे घरचे कार्य होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर के. सिवन यांनी सांगितले, की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत विक्रमचे उतरणे अपेक्षेप्रमाणे झाले, नंतर संपर्क तुटला, माहितीचे विश्लेषण चालू आहे. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, संपर्क तुटला म्हणजे पडलं ना?” मी म्हटले, “काका, त्यांनी तेवढंच सांगितलंय.”

त्या घटकेला ते वाक्य निर्दोष होते. जेवढे कळले होते तेवढे सांगितले, आकड्यासह सांगितले. माझी तक्रार पुढच्या दिवसांविषयी आहे. विक्रम कोठे आहे ते ऑर्बिटरने शोधले, संपर्काचे प्रयत्न चालू आहेत, एवढे कळले. मग चंद्रावरचा दिवस मावळला, तरी ‘संपर्क तुटला’ हेच शब्द चालू राहिले. पहिल्या रात्री खरा असलेला शब्दप्रयोग महिन्याभराने आडपडदा होतो, त्यातले एक अक्षरही न बदलता. वेग ठरल्याप्रमाणे कमी झाला नाही आणि यान नियोजित जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळले, हे सरकारने २० नोव्हेंबरला लोकसभेतल्या लेखी उत्तरात सांगितले. आदळल्याला तिथेही ‘हार्ड लँडिंग’ असा मऊ शब्द होता. आपल्या वृत्तपत्रांनी तो जसाच्या तसा देवनागरीत उतरवला.

डिसेंबरच्या आरंभी नासाने अवशेषांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. पहिला तुकडा चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुण अभियंत्याने, जुनी-नवी छायाचित्रे ताडून, हुडकला होता. काका वर्तमानपत्र घेऊन आमच्या दारात आले. चित्रातल्या हिरव्या ठिपक्यांवर बोट ठेवीत म्हणाले, “पडलेलं कळलं असतं तर आम्ही काय रागावणार होतो? कारखान्यात आम्ही थोडे का भाग भंगारात टाकले?” मग चहा होईपर्यंत ते ठिपके मोजीत बसले.