आवाज थांबत नाही

सोमवार ते शुक्रवार मी लोकांच्या पगाराचं सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी कार्टून काढतो. सध्या काऊ-चिऊची गोष्ट चालू आहे. चित्रं माझी, आवाज आजीचा. ती २०२१ मध्ये गेली. त्याआधी ताईने फोनवर ही सहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवली होती. ताईच्या लेकीने पणजीला पाहिलेलं नाही, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

यातली सगळ्यात चिवट भानगड म्हणजे आवाज आणि चित्राचा मेळ. कॉम्प्युटरमध्ये दोन घड्याळं चालतात ना! साउंड कार्डचं घड्याळ सेकंदाला ४८,००० सॅम्पल वाजवत सुटतं, कुणासाठी थांबत नाही. चित्राच्या वाट्याला २४ फ्रेम्स, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम ४२ मिलिसेकंद. फ्रेम जड असली, तिला ६० लागले, की चित्र मागे पडलंच. मग कावळा बोलून मोकळा होतो आणि चोच नंतर उघडते!

अशा वेळी माघार कोणी घ्यायची? जुन्या फ्लॅशमध्ये 'इव्हेंट' लावलं की आवाज एकदा सुरू झाल्यावर आपल्या वाटेने जायचा, चित्राचं काही का होईना. 'स्ट्रीम' लावलं की आवाज मालक. चित्राने मधल्या फ्रेम्स गाळून त्याला गाठायचं. फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद झाला, पण मी वापरतो त्या ब्लेंडरमध्ये 'सिंक टू ऑडिओ' लावलं की प्रिव्ह्यू तसाच चालतो. चोविसातली एक फ्रेम गळाली तर डोळा चालवून घेतो. आवाजात तेवढीच फट पडली तर कानाला लगेच खटकतं.

आयटीयूच्या १९९८ च्या शिफारशीत आकडेही आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाच्या लक्षात येतं, मागे राहिला तर मात्र १२५ पर्यंत खपून जातं. पटतं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो; उलटं आपण कधी अनुभवलेलंच नसतं.

तुम्हीही असले उद्योग करत असाल तर एक टीप. फरक सुरुवातीपासून तेवढाच असेल तर आवाजाची पट्टी सरकवून भागतं. सुरुवात जुळतेय आणि शेवट घसरतोय, तर फ्रेम रेट तपासा. २४ चं काम २३.९७६ वर गेलं की सहा मिनिटांत सुमारे ०.३६ सेकंदाचा फरक पडतो.

इथवर टेक्निकल. खरी पंचाईत आजीच्या थांबण्याची. ती मध्येच थांबते, खोकते, पुढचं आठवत बसते. एका ठिकाणी तर ११ सेकंद काहीच नाही, फक्त मागे कुकरची शिट्टी. मित्र म्हणाला, "अरे, सायलेन्स उडव ना. पोरं कंटाळतात." खरंय त्याचं. शिवाय ११ सेकंद म्हणजे २६४ फ्रेम्स, त्या भरायच्या कशाने?

पण आजी गोष्ट अशीच सांगायची. ते थांबणं काढलं तर दुसरीच कुणी बाई बोलतेय असं वाटतं. म्हणून 'स्ट्रीम'चा नियम इथेही लावलाय: आवाजाला हात लावायचा नाही, चित्राने जमवून घ्यायचं. आणि गोष्टही अशी, की कावळा दाराबाहेर भिजत ताटकळतोय आणि चिऊचं आपलं बाळाचं आवरणं चालूच! त्या ११ सेकंदांत ती बाळाला तीट लावते, कावळा पंख झटकतो. शिट्टी होते तेव्हा दोघंही मान वळवून बघतात.

काल तेवढा तुकडा ताईला पाठवला. तिने तीन-चारदा ऐकला म्हणे. बघितला किती वेळा, ते मी विचारलं नाही.

असे आणखी चार थांबे बाकी आहेत.