वाक्यातला कर्ता कुठे गेला?

मागच्या पावसाळ्यात आई सांगलीहून माझ्याकडे बंगळुरूला राहायला आली आणि महिनाभरात रिकामी बसून कंटाळली. जवळच्या एका पाळणाघरात स्वयंपाकघर सांभाळायला माणूस हवं होतं. अर्जात अनुभव इंग्रजीत लिहायचा होता. आईने वहीत स्वतःच लिहिला आणि वही माझ्यापुढे ठेवली.

'मेड ट्वेंटी टिफिन्स डेली. केप्ट अकाउंट्स. लुक्ड आफ्टर मदर-इन-लॉ.'

मी बीए इंग्लिश. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारण्याचाच पगार घेते. लाल पेनाने प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला गोल केला. "आई, सब्जेक्ट कुठाय? हे सगळं कोणी केलं?" आवाज जरा चढलाच.

"घरात दुसरं कोण होतं करायला?" ती शांतपणे म्हणाली.

तिचं चुकलं नव्हतं. 'बाजारात जाते' म्हटलं की जाणारी बाई आहे हे मराठीत क्रियापदच सांगतं. पण 'डबे केले' म्हणा. इथे 'केले' हे रूप डब्यांप्रमाणे चालतं, करणारीचा मागमूसही उरत नाही. इंग्रजीला मात्र वाक्यात सब्जेक्ट लागतोच. पाऊस पडतोय एवढंच सांगायचं तरी 'इट इज रेनिंग'! त्यातला 'इट' कोण, असं विचारायचं नाही. तो नुसता जागा धरून बसलेला असतो.

मग रोज रात्री जेवणानंतर आमचा तास सुरू झाला. आधी क्रियापद शोधायचं, मग त्याला 'कोण?' किंवा 'काय?' विचारायचं. 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी.' जड काय आहे? पेटी. आंबे क्रियापदाला खेटून बसलेत, पण सब्जेक्ट ते नाहीत. म्हणून 'आर' नाही, 'इज'. 'देअर आर फोर चेअर्स'मध्ये सब्जेक्ट क्रियापदाच्या मागे उभा असतो. 'कम हिअर'मध्ये तो दिसत नाही, पण ज्याला हाक मारली तोच, 'यू'. आईला हे लपाछपीसारखं आवडायला लागलं.

फक्त 'आय' लिहायला तिचा हात धजेना. "आमच्या आजोळी आईला आय म्हणायचे. इथे मीच आय! आणि दर ओळीत मी, मी... बरं दिसतं का?"

दोन दिवसांनी तिने नवीन वाक्य आणलं. 'ट्वेंटी टिफिन्स वेअर मेड डेली.' "आता आहे ना सब्जेक्ट?"

होता. 'टिफिन्स' हाच सब्जेक्ट, 'वेअर'ही बरोबर. शाळेत आपण सब्जेक्ट म्हणजे कर्ता असं पाठ करतो, पण सब्जेक्ट म्हणजे दरवेळी काम करणाराच असं नाही. या वाक्यात डबे पुढे येऊन बसले होते आणि ते करणारी बाई गायब होती. लाल पेनाला इथे काही काम नव्हतं.

त्याच डब्यांवर माझी कॉलेजची फी भरली गेली. बघा, मीही तेच केलं. फी 'भरली गेली' नाही. ती आईने भरली. पहाटे साडेचारला उठून, तीन वर्षं.

हेच मी तिला म्हणाले. ती काहीच बोलली नाही. वही ओढून घेतली आणि हळूहळू लिहिलं, 'आय मेड ट्वेंटी टिफिन्स डेली.' मग खाली, न विचारता, 'आय पेड माय डॉटर्स कॉलेज फीज.'

"हे अर्जात चालेल का गं?"

"चालेल," मी म्हटलं. एक स्वल्पविरामही बदलला नाही.

पुढच्या मंगळवारी तिला भेटायला बोलावलं. मी ऑफिसात होते. अकरा वाजता तिचा मेसेज आला.

'आय रीच्ड. तुझा डबा ओट्यावरच राहिलाय.'