बेवारस कोण?

प्रत्येक घरात अडगळीची एक जागा असते. मोडका पाळणा, बिनकाचेचा कंदील, पाय तुटलेले टेबल असे टाकवत नाही आणि वापरताही येत नाही असे सामान तेथे सुखाने नांदते. परंतु मोटार काही माळ्यावर चढविता येत नाही! म्हणून ती रस्त्यावर राहते आणि एका घरची अडगळ साऱ्या वाटेची अडचण होऊन बसते.

बेळगावातील आमच्या अरुंद गल्लीत अशी एक मोटार तीन पावसाळे उभी होती. पहिल्या वर्षी तिची चाके बसली, दुसऱ्या वर्षी काचा फुटल्या, तिसऱ्या वर्षी आत कचऱ्याचा ढीग झाला. मुलांना ती लपंडावास बरी वाटे. परंतु अशा गाडीत आणि जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. २०२४ च्या श्रावणात शेजारची एक मुलगी तापाने फणफणली. रुग्णवाहिका त्या मोटारीपाशी अडली आणि भर पावसात मुलीला हातांवर उचलून न्यावे लागले. मुलगी बरी झाली. पण त्या रात्री गल्लीत कोणास झोप आली नाही.

आम्ही कायदा पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलविण्याचा हुकूम गणवेषातील पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि ते ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. ५५ व्या कलमाप्रमाणे कायमचे निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने चौदा दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. दहा तास कोठे आणि तीन पावसाळे कोठे!

अर्ज लिहिण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु ती मोटार कोणाची, हे गल्लीस ठाऊक होते. कोपऱ्यावरच्या घरातील आजींचे यजमान निवर्तले, तेव्हापासून ती तेथे होती. म्हणून आधी आजींकडे जावयाचे ठरले. त्या म्हणाल्या, "ह्यांनी किती हौसेने घेतली होती! मी ती कशी हो मोडीत घालू?" आम्ही त्यांना त्या पावसातल्या रात्रीची हकीकत सांगितली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कागद कोठे द्यायचे ते सांगा."

वारस म्हणून कागद पुरे करण्यात काही आठवडे गेले. वाहने मोडीत काढण्यासाठी नोंदलेली केंद्रे असावीत, असे नियम २०२१ साली झाले आहेत. गाडी तेथे जमा केल्यावर तसे प्रमाणपत्र मिळते. गाडी ओढून नेण्यापूर्वी आजींनी आतला लहानसा गणपती तेवढा काढून घेतला.

अशा गाडीस आपण सहज बेवारस म्हणतो; पण तिला मालक असतोच. बेवारस होतो तो रस्ता, कारण तो सर्वांचा म्हणून कोणाचाच राहत नाही. विद्यार्थिमित्रहो, आपल्या गल्लीतही अशी एखादी मोटार असेल. तिच्या मालकाचे दार प्रथम नम्रपणे ठोठवावे. दार उघडले नाही, तर अर्ज अवश्य करावा. कायदा आपल्या बाजूस आहे. त्यास हाक मारणारे मात्र कोणी हवे.