क्लच हाताने का दाबता येऊ नये?

चळवळीच्या लेखनात गाडीचा क्लच कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. पण गाडी कोण चालवणार, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आठवा. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेल्या महार पोरांना गाडीवाल्याने नेलं ते दुप्पट भाडं घेऊन, आणि बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. मग सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला, मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. दुसरा कुणी हाकेल तरच जायचं, ही लाचारी काय असते ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आम्ही बीड जिल्ह्यात गेवराई-माजलगावकडे ऊसतोड कुटुंबांसोबत काम करतो. इथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रात्रीची वाहतूक, वर मोळ्यांवर झोपलेली माणसं. अपघातात एकाचा पाय गेला की कोयता मोडतो, उचल मात्र तशीच अंगावर राहते. आमच्या ओळखीचा एक भाऊ ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो आम्हाला म्हणाला, "पाय गेला, पण गाडी चालवायची अक्कल तर नाही ना गेली?"

आता गाडीचं शास्त्र बघा. गिअरच्या गाडीत तीन पेडल असतात. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळतो, डाव्या पायाला काम एकच, क्लच. म्हणजे डावा पाय गेलेल्या माणसाला फक्त हे एक काम हातावर घ्यायचं असतं. कृत्रिम पायाने पेडल दाबता येतं, पण क्लच नेमका कुठे पकडतो ते त्या पायाला कळत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, मागे ट्रक लागलेला असताना, अर्ध्या क्लचवर गाडी उचलून बघा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते समजेल.

उपाय जुने आणि साधे आहेत. एक, क्लचला दांडा किंवा केबल जोडून हाताने ओढायची सोय. स्वस्त, पण हात दमतो आणि त्याच हाताने गिअरही टाकायचा असतो. दुसरा, गिअरच्या मुठीवर बटण. बटण दाबलं की इंजिनाच्या व्हॅक्यूमवर किंवा छोट्या विजेच्या मोटरवर चालणारं यंत्र क्लच ओढतं. बटण सोडल्यावर क्लच किती हळू सुटतो, यावर अशा यंत्राचा चांगुलपणा ठरतो. सुटला झटक्यात, की गाडी उडी मारून बंद पडते.

कुणी म्हणेल, ऑटोमॅटिक घ्या. २०१४ मध्ये सेलेरिओसोबत एएमटी गाड्या आपल्याकडे आल्या. त्यात तरी काय आहे? तोच क्लच, तोच गिअरबॉक्स, फक्त दाबायचं काम यंत्र करतं. पण आपल्या माणसाच्या हातात येते ती सेकंडहँड अल्टो नाहीतर जुना पिकअप. तिथे एएमटी शोधायची कुठे?

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये सरकारने वाहनांत असे बदल करून घेण्यासाठी योजना आखाव्यात, असं स्पष्ट लिहिलंय. (दिव्यांग हा शब्द आम्ही कायद्याचं नाव म्हणूनच वापरतो. 'हरिजन'ची गोडी आपण चाखून झालोय. देवाचं नाव चिकटवलं की हक्क द्यावा लागत नाही. आणि गतजन्मीच्या कर्माचा हिशोब तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्येच नाकारलाय.) मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. गाडीत असा बदल करून नंतर मंजुरी घेता येते आणि त्यासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे. पण परीक्षा तशाच गाडीवर द्यायची! म्हणजे आधी कर्ज काढून गाडी घ्या, शहरात नेऊन यंत्र बसवा, मग परवाना मिळतो का ते बघा. आम्ही या भावासोबत एका कार्यालयाच्या खिडकीवर गेलो तेव्हा "घरात दुसरं कुणी चालवणारं नाही का?" एवढंच विचारलं गेलं.

खरी मेख पुढे आहे. व्याख्येनुसार असं वाहन केवळ त्या अपंग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचं. म्हणजे अपंग माणूस फिरायला जाईल हे कायद्याला सुचलं, तो पिकअपवर भाजीपाला वाहून पोट भरेल हे सुचलं नाही. सवलतींचंही तेच. जीएसटीत सूट होती ती नव्या छोट्या गाडीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के झाल्यावर त्या सुटीचा फरकही उरला नाही.

सुरक्षिततेचं कारण पुढे करणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रत्येक गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा क्लच आणि ब्रेक असतो. नियमानेच तो सक्तीचा आहे. तालुक्याच्या गावातही तो बसवून मिळतो. मास्तरसाठी जादा क्लच चालतो, मग पाय गेलेल्या माणसासाठी तो हाताशी आणला तर गाडी असुरक्षित कशी होते?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्चायचे आहेत. ते पैसे बऱ्याचदा किरकोळ वाटपात संपतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. त्यातून जिल्ह्यात शिकण्यासाठी आणि परीक्षेसाठी हातक्लचची एक सामाईक गाडी ठेवायला काय हरकत आहे? महात्मा फुले महामंडळाच्या वाहनकर्जात यंत्राचा खर्च का धरू नये? आणि व्याख्येतली 'केवळ' ही अट काढा, ही मागणी आपल्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी. मसुदा आम्ही तयार केलाय. ग्रामसभेआधी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी तो घेऊन जावा, आणि सोबत गेल्या तीन वर्षांच्या ५ टक्के निधीचा हिशोब माहितीच्या अधिकारात मागावा.